रंग चालेल, कात्री जपून

कृष्णधवल चित्रीकरणाला रंग देणं हे माझं रोजचं काम. संगणक बटणासरशी रंग भरतो, असं लोकांना वाटतं. भरतोही, पण नटाने मान वळवली की कानाचा रंग मागच्या भिंतीला लागतो आणि मग फ्रेम-फ्रेम मास्क सरकवत बसावं लागतं. त्यात कातडीला एकच रंग कधी नसतो. कानाच्या पाळीला लाली, डोळ्यांखाली निळसरपणा, दाढी केलेल्या हनुवटीवर हिरवट झाक. हे नसेल तर चेहरा मेणाचा दिसतो.

खरा पेच वेगळाच. लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत बेमालूम लपतात. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतल्या टार्डिस यानाचं नियंत्रण-टेबल पांढरं दिसतं, पण होतं फिकट हिरवं, कारण झगझगीत पांढरा तेव्हाच्या कॅमेऱ्यांना सोसत नसे. आता रंगवायचं कोणतं? मी पांढरंच ठेवलं असतं. हिरवा ही कॅमेऱ्यासाठी केलेली युक्ती होती, प्रेक्षकांसाठी नव्हे.

याच मालिकेच्या १९७०च्या दशकातल्या काही भागांच्या कृष्णधवल फिल्मवर मूळ रंगसंकेताचे बारीक ठिपके उरले होते. त्यांतून खरे रंग परत मिळाले. त्या मंडळींचा मला हेवा वाटतो. तिच्यातल्याच १९६३च्या ‘द डालेक्स’ या कथेला ती सोय नाही, तिथे मुळात रंग टिपलाच नव्हता.

तीच कथा २०२३मध्ये, ‘डॉक्टर हू’च्या साठीच्या निमित्ताने, रंगीत होऊन आली. पंचवीसेक मिनिटांचे सात भाग पंचाहत्तर मिनिटांत बसवले. रंगाबद्दल माझी तक्रार नाही. डालेक या यंत्रकवचातल्या शत्रूंच्या अंगावरचे निळे गोळे पाहायला मजा येते. प्रश्न कात्रीचा. सहाव्या भागातली दरी ओलांडण्याची खटपट इतकी ताणलीय की मीही ती बिनदिक्कत छाटली असती. पहिल्या भागाचा शेवट मात्र निराळा. डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा अनोळखी शहराच्या बोळांतून चाचपडत फिरते, मागे दारं बंद होतात, आणि भिंतीला टेकलेल्या तिच्याकडे एक रबरी दांडा सरकतो. दांडा कुणाचा, हे कळायला तेव्हा पुढचा शनिवार उजाडावा लागे. सलग आवृत्तीत तो आठवडा कुठून आणणार? निदान बोळातली तिची रिकामी चाल तरी लांबच हवी. संकलनाला मी बसले असते तर त्या सेकंदांना सगळ्यात शेवटी हात लावला असता, आणि तोही वेळ अगदीच कमी पडला तर.