चौथे तेल

दिवाळी हा तेलाचा सण आहे, असे म्हटले तर कुणी रागावू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळायचे सुवासिक तेल, तिन्हीसांजेला पणतीत घालायचे तेल आणि चकलीच्या कढईत तापणारे तेल, ही तीन तेले घरात आली की दिवाळी आली. या तिन्हींचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. मला आज एका चौथ्या तेलाविषयी सांगायचे आहे. ते अंगाला लावीत नाहीत, दिव्यात घालीत नाहीत, आणि त्यात काही तळण्याचा विचारही कुणी करू नये. जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगला ते हलकेपणा देते. आणि मोटार बाळगणाऱ्या पुष्कळांना ते तिथे असते याचा पत्ताही नसतो.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जन्म १९४८ सालचा. त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. त्यामुळे एस.टी. आणि आपण जुळी भावंडे आहोत, असा अण्णांचा दावा आहे. १९७३ साली ते ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या बसला पॉवर स्टिअरिंग नव्हते. परातीएवढे ते चाक, गाडी माणसांनी भरलेली, आणि समोर पसरणीच्या घाटातले वळण! अण्णा सीटवरून अर्धे उठत आणि सारे अंग चाकावर टाकीत. रात्री आई त्यांच्या खांद्यांना तेल चोळी. त्या तेलाच्या वासावरूनच, अण्णा ड्यूटीवरून आले, हे आम्हा भावंडांना अंथरुणात कळे.

निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी २००० सालची एक जुनी मारुती एस्टीम घेतली. तिचे चाक पहिल्यांदा फिरवले तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. म्हणाले, “अरे, हे तर पाण्यात हात फिरवल्यासारखं आहे!”

तेच अण्णा २०२५ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी बाजारातून परतले, किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, “स्टिअरिंग जड लागतंय रे.”

आयुष्यभर घाटात बस चालवलेल्या माणसाने असे म्हणावे, ही गोष्ट साधी नव्हती. मी ती पुण्याला दादाच्या कानांवर घातली. दादा म्हणाला, “स्टिअरिंग जड झालेलं नाही. अण्णांचे हात थकलेत. सत्त्याहत्तर वय आहे त्यांचं. गाडी विकून टाक.” त्याच्या बोलण्यात काळजीच होती. शिवाय निमित्तही आयते होते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. पंचावन्न वर्षे उलटलेल्या माणसाचे लायसनही पाचच वर्षांचे मिळते, आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. गाडीची आणि अण्णांची, दोघांचीही मुदत यंदाच संपत होती.

मी दादाला लगेच उत्तर दिले नाही. मी मॅट्रिकपुरता शिकलेला मनुष्य. नंतर चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेत चित्रकला शिकवू लागलो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत मला एक सवय लागली आहे. एखाद्या मुलाचा रंग फिसकटला की, ‘तुला जमत नाही’ असे म्हणण्याआधी मी त्याचा ब्रश हातात घेऊन पाहतो. पुष्कळदा त्या ब्रशाला चारच केस उरलेले असतात. चांगला ब्रश दिल्यावर काही मुलांचे चित्र सुधारते, काहींचे सुधारत नाही. पण निदान दोष कुणाचा, ते तरी कळते. तेव्हा अण्णांच्या हातांबद्दल बोलण्याआधी त्यांच्या हातातले चाक पाहावे, असे मी ठरवले.

प्रथम टायरमधली हवा पाहिली. हवा कमी असली तरी चाक जड होते. हवा बरोबर होती. पंप फिरवणारा पट्टा चाचपला. तोही ताठ होता. मग तेलाच्या डबीचे झाकण उघडून एक थेंब ड्रॉइंगच्या कागदावर टाकला. हे तेल नवे असते तेव्हा तांबडेलाल असते. कागदावर उतरला तो रंग मी वर्गात जुन्या झाडाच्या खोडासाठी वापरतो.

या तेलाचे काम मोठे गमतीचे आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो आणि तेल दाबाने स्टिअरिंगच्या यंत्रात पाठवतो. आपण चाक वळवले की आत एक झडप त्या बाजूची वाट मोकळी करते. मग ते दाबलेले तेल दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाकांना वळवतो. हाताने फक्त सांगायचे, जोर तेलाने लावायचा. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत आपण सर्वांनी घोकलेला असतो. तो असा मोटारीत बसून आपली सेवा करीत असतो. पण वर्षानुवर्षे तापून हे तेल करपते. रबरी सीलांची झीज, धातूचा बारीक कीस त्यात मिसळतो. मग पंप कण्हू लागतो, आणि त्याचे राहिलेले काम माणसाच्या खांद्यावर येते.

ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. तो पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रकांच्या विभागात होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरांची होणारी ओढाताण त्याला ठाऊक होती. १९२६ साली त्याने आपले यंत्र मोटारीला बसवून चालवून दाखवले. पण ते महाग पडते म्हणून बाजूला राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी गाड्यांना लागले, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल या श्रीमंती मोटारीबरोबर विक्रीला आले. मी ही हकिगत अण्णांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शोध लागला ड्रायव्हरांची दया येऊन, आणि आम्हाला मिळाला रिटायर झाल्यावर!”

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलेले, ऑटोमॅटिक गिअरच्या पेटीत घालतात त्या जातीचे लाल तेल दोन लिटर आणले. इथे ब्रेकचे तेल चालत नाही. त्याने आतली रबरी सीले खराब होतात. आमच्या आळीतल्या मिस्त्रींनी जॅक आणि लोखंडी घोडे दिले. मागच्या चाकांना दगड लावून पुढची दोन्ही चाके उचलली आणि घोड्यांवर टेकवली. डबीकडे तेल परत आणणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत घातले आणि डबीचे ते भोक बुचाने बंद केले. आता इंजिन बंद ठेवून अण्णांनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे, आणि मी डबीत नवे तेल ओतीत राहायचे. डबी कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर पंपात हवा शिरते.

उघड्या बॉनेटमुळे मला अण्णा दिसत नव्हते. फक्त त्यांचा आवाज येत होता. “डावीकडे... संपलं. उजवीकडे... संपलं.” बाटलीत काळपट तेल हळूहळू येत होते. माझे लक्ष मात्र त्या आवाजाकडे होते. चाके जमिनीवर नव्हती, तेव्हा ओझे असे फारसे नव्हते. तरीही उजवीकडच्या ‘संपलं’ला दर खेपेस थोडा अधिक वेळ लागत होता, आणि त्याआधी एक श्वास ऐकू येत होता. मी काही बोललो नाही. ओतीत राहिलो.

शेवटी बाटलीत स्वच्छ लाल धार आली. नळी पूर्ववत बसवली, डबी खुणेपर्यंत भरली आणि इंजिन सुरू केले. अण्णांनी पुन्हा सावकाश चाक फिरवले. टोकाला नेऊन ते धरून ठेवले नाही, कारण तसे केले की पंपावर नाहक ताण पडतो. डबीत आधी फेस आला, मग बुडबुडे आले, मग तेही विरले. पातळी थोडी उतरली होती ती भरून काढली. पंपाचे कण्हणे थांबले होते. जुने तेल मिस्त्रींच्या पिंपात नेऊन टाकले. आमच्या वाईत ते गटारात ओतणे म्हणजे कृष्णामाईला पाजण्यासारखेच.

गाडी जमिनीवर उतरवली तेव्हा अण्णांनी चाक एका हाताने वळवून पाहिले आणि माझ्याकडे बघून हसले. मी दादाला फोन केला. “जड तेल झालं होतं,” मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बरोबर घेऊन गाडी पसरणीच्या घाटात घातली. चार-पाच वळणे झकास गेली. मग एका रुंद जागी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

“चाक हलकं झालंय,” ते म्हणाले, “म्हणून आता कळलं.”

“काय कळलं, अण्णा?”

“वळणावर मान पुरती वळत नाही माझी. आणि समोरची गाडी दिसते, पण जरा उशिरा दिसते. इतके दिवस मला वाटायचं, सगळा जीव चाकातच जातो, म्हणून लक्ष राहत नाही. आज चाकाचा काही दोष नाही.”

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. उतारावर गाडी मी चालवली. अण्णा वाटभर खाली दिसणाऱ्या नदीकडे पाहत होते. घरी आल्यावर त्यांनी आपले नियम आपणच सांगितले: घाट बंद, रात्र बंद, आणि डोळे तपासून घेतल्याशिवाय लायसनच्या फॉर्मवर सही नाही. हेच नियम दादाने किंवा मी त्यांना घातले असते, तर त्या घरात आठवडाभर कुणी धड जेवले नसते.

म्हाताऱ्या माणसाला ‘आता तुम्हाला झेपत नाही’ असे सांगणे फार सोपे असते. पण चष्म्याचा नंबर बदललेला असतो, जिन्याला कठडा नसतो, दिवा मंद असतो, चाकातले तेल करपलेले असते. आणि या सगळ्याचे ओझे आपण त्याच्या वयाच्या नावावर मांडून मोकळे होतो. जे बदलता येते ते आधी बदलून पाहावे. मग जे उरते ते खरे वय. ते ओळखायला त्याला आपली गरज लागत नाही.

हल्ली बऱ्याचशा नव्या मोटारींत हे तेल नसतेच. त्यांचे स्टिअरिंग विजेच्या मोटरने हलके होते; जपानात सुझुकीने १९८८ साली सेर्व्हो या लहान गाडीत ती सोय आणली, आणि मग ती सगळीकडे पसरली. आमच्या घरी मात्र तेलाची उरलेली बाटली फडताळात नीट ठेवली आहे. या दिवाळीला दादा आणि वहिनी येणार आहेत. त्यांना मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा दाखवायला नेण्याचे अण्णांनी कबूल केले आहे. मात्र सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळातच. आणि पुढचे तेल कधी बदलायचे, ती तारीख त्यांनी फडताळाच्या दाराला आतून खडूने लिहून ठेवली आहे.