रंग सोडून बाकी सगळं

जूनमध्ये इंग्लंडमधल्या कुठल्याही बागेत कुंपणावर एक ठिपकेदार तपकिरी पक्षी येऊन बसतो. नवखा निरीक्षक पुस्तकाची पानं पुढे-मागे करत राहतो, पण चित्र जुळत नाही. हा असतो रॉबिन, आणि तोही नाताळच्या शुभेच्छापत्रांवरचा तांबड्या छातीचा रॉबिनच. घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाच्या छातीवर तो तांबडा रंग औषधालाही नसतो. मुरलेला माणूस त्याला उभं राहण्यावरून ओळखतो: काड्यांसारख्या पायांवर ताठ, दोन उड्या, मध्येच झटकन झुकणं आणि पुन्हा ताठ.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या पक्षीनिरीक्षकाला सोबत नेलेली नावं मदत करतात, तशी फसवतातही. चिमणी तीच, आपल्या वळचणीतली. पण झुडपाखाली उंदरासारखी सरपटत जाणारी ‘चिमणी’ बारीक, टोकदार चोचीची असेल, तर ती चिमणी नव्हेच, तो डनक. दाणे फोडायला जाड चोच लागते, किडे टिपायला बारीक पुरते. ब्लॅकबर्डचा नर काळाकुळकुळीत, पिवळ्या चोचीचा. त्याची शीळ ऐकून महाबळेश्वरचा कस्तुर आठवला तर ते बरोबरच आहे, दोघे जवळचे नातलग. मादी मात्र तपकिरी असते आणि नवख्यांच्या वहीत थ्रश म्हणून जाऊन बसते.

खारींचंही तसंच. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. 1876 मध्ये ती चेशायरमध्ये आणून सोडली गेली. उन्हाळ्यात तिच्या पाठीवर आणि पायांवर चांगली तांबूस झाक येते, आणि दुर्मीळ झालेली लाल खार दिसल्याच्या आनंदात माणूस घाईने नोंद करून मोकळा होतो. अशा वेळी नजर शेपटीवर न्यावी. कडेला पांढरट झालर दिसली, की खार करडी.

डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबायला इथे फार पूर्वीच सुरुवात झाली. हॅम्पशरमधल्या सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने 1768 मध्येच पत्रात कळवलं होतं, की लोक ज्याला एकच हिरवट पानपक्षी समजतात ते तीन वेगळे पक्षी आहेत, कारण तिघांचा आवाज कायम वेगळा असतो. चिफचाफ आपलंच नाव घेत दोन सुरांवर अडून बसतो. विलो वॉर्बलरचे सूर पायऱ्या उतरावेत तसे खाली ओघळतात. तिसरा, वुड वॉर्बलर, वेग घेत घेत थरथरत जातो. आजही एप्रिलच्या रानात फांदीवरचा हिरवट ठिपका पाहून पहिल्या दोघांत फरक करणं अवघड. तोंड उघडलं की प्रश्न मिटतो.

त्याहून विलक्षण गोष्ट विलो टिटची. हा पक्षी ब्रिटनमध्ये आहे हे 1897 पर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या वर्षी अर्न्स्ट हार्टर्ट आणि ओटो क्लाइनश्मिट या पक्षितज्ज्ञांना तो सापडला ब्रिटिश म्युझियमच्या खणांत, मार्श टिटच्या कातड्यांमध्ये मिसळलेला! दोघांचं काळं डोकं, तपकिरी पाठ जवळजवळ सारखीच. मार्श टिट शिंकल्यासारखा ‘पिच्यू’ करतो. विलो टिट नाकात, लांबवत ओरडतो. पक्षी गप्प राहिला तर वहीत ‘मार्श किंवा विलो’ एवढंच लिहावं. अशी अर्धवट नोंद खोट्या खात्रीपेक्षा कितीतरी मोलाची असते, विशेषतः विलो टिट इतका झपाट्याने कमी होत असताना.

पिपिस्ट्रेल वटवाघळाच्या बाबतीत तर माणसाचा कानही अपुरा पडतो. पाचएक ग्रॅमचा हा जीव एकच जात समजला जाई. 1990च्या दशकात कळलं, की काही वटवाघळं साधारण 45 किलोहर्ट्‌झवर ‘बोलतात’, तर काही 55वर. जाती दोन निघाल्या. संध्याकाळी बागेत बॅट डिटेक्टर घेऊन उभा राहिलेला माणूस आकाशाकडे कमी आणि यंत्राच्या आकड्याकडे जास्त बघतो.

आणि काही वेळा प्राणी दिसायचीही गरज नसते. हेझल डॉरमाउस रात्री फांद्यांवर वावरतो आणि हिवाळाभर झोपतो. त्याला शोधायचं ते झाडाखाली पडलेल्या हेझलनटांच्या कवचांतून. 1993 मध्ये हजारो स्वयंसेवकांनी ‘ग्रेट नट हंट’मध्ये हेच केलं. खार कवच उभं दुभंगते. रानउंदीर भोक पाडतो तेव्हा भोकाच्या काठावर आडवे दात उमटतात आणि बाहेरच्या पृष्ठावर ओरखडे राहतात. बँक व्होलच्या कवचावर काठाला खुणा असतात, बाहेरची बाजू मात्र स्वच्छ. डॉरमाउसच्या भोकाची आतली कड कातल्यासारखी गुळगुळीत, आणि बाहेर कडेभोवती तिरप्या दातांच्या बारीक रेघा.

म्हणून ऑक्टोबरमध्ये हेझलच्या झुडपाखाली ओल्या पाचोळ्यात कोणी गुडघे टेकून बसलेलं दिसतं. एकेक कवच उचलून भिंगाखाली धरलं जातं, उजेडाकडे तिरपं केलं जातं, बहुतेक वेळा परत टाकलं जातं. एखादंच डबीत जातं, त्यावर झुडपाची जागा आणि तारीख लिहिली जाते, आणि हात पुन्हा पाचोळ्यात शिरतात.