पिपातले उंदीर आणि समुद्रमंथन

बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म 1909 साली खानदेशातील फैजपूरला झाला. शाळेची काही वर्षे धुळ्यात गेली. ‘काही कविता’ (1947) या त्यांच्या संग्रहाने मराठी नवकवितेला रूप दिले. त्यातली पिपात मेलेल्या उंदरांची कविता आजही वाचकाला अडवते.

या कवितेत पुराणातले एकही नाव नाही. इंग्रजी कवी एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये (1922) ग्रेल या पवित्र प्याल्याची दंतकथा आणि उपनिषदातली मेघगर्जना उघडपणे येतात. मर्ढेकर असे बोट दाखवत नाहीत, म्हणून वाचक मिथक बाहेरून आणतो. प्रस्तुत लेखक जळगावला महाविद्यालयात ही कविता शिकत असताना उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन, असा अर्थ वर्गात निघाला होता. तो टिकत नाही. कवितेत ना देव आहे, ना भक्ती. घरच्या जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेली प्लेगची आठवण कवितेच्या अधिक जवळची. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरला. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधत. मेलेला उंदीर माणसाच्या मरणाची वर्दी घेऊन येई. ती धास्ती या पिपात आहे.

पुराणकथेचा धागा कवितेच्या शेवटाकडे सापडतो. तिथे डोळ्यांशी विष येते आणि ओठांशी मध. समुद्रमंथनातून हलाहल आणि अमृत दोन्ही निघाले, तीच ही जोडी. पण इथले डोळे काचेचे आणि मध बेकलाइटचा. 1907 साली शोधलेले हे कृत्रिम द्रव्य तेव्हा रेडिओच्या पेट्यांना आणि विजेच्या बटणांना वापरत; मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. खरे हलाहल शंकर प्यायला, म्हणून जग वाचले. काचेतले विष कोणाच्या कंठात उतरणार? अमृतही नकली, तेव्हा मरणावर उतारा नाही आणि जगणेही लादलेले. प्रस्तुत लेखकाच्या मते कवितेचे सारे दुःख या नकलीपणात आहे.

हे सगळे सोळा मात्रांच्या पादाकुलक या मात्रावृत्तात, जवळजवळ अंगाईच्या ठेक्यात येते. म्हणून खानदेशातल्या शिक्षकांनी ही कविता वर्गात आधी मोठ्याने वाचावी आणि अर्थाकडे मग वळावे.