धुराड्याचे अस्तर

सांगलीच्या कापडपेठेत चाळीस वर्षे दुकान चालविल्यावर एका सद्गृहस्थांनी गल्ल्याची किल्ली थोरल्या मुलाच्या हाती दिली आणि ते सपत्नीक सहा महिन्यांसाठी इंग्लंडमधील लेस्टर शहरी धाकट्या मुलाकडे गेले. घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. मे महिन्याचा आरंभ होता. जुन्या चर्चच्या इमारतीत उभे असलेले, श्वेतांबर आणि दिगंबर दोघांनाही एका छताखाली सामावून घेणारे तेथील जैन केंद्र अण्णांना पहिल्याच आठवड्यात आपलेसे वाटले. मुलाचे घर मात्र समजायला वेळ लागला.

ते घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, विटांचे, एका रांगेत शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभे असलेले. बैठकीच्या खोलीत बंद पडलेली शेगडीची जागा होती आणि तेथून निघालेले धुराडे वरच्या मजल्यावरील नातीच्या खोलीच्या भिंतीतून छपरापर्यंत गेले होते. वीज आणि गॅस महागल्यामुळे तेथे लाकडावर चालणारा बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवावा, असे मुलाने ठरविले होते. दोन कारागिरांची अंदाजपत्रके टेबलावर होती. एकात धुराड्याला आतून पोलादी नळीचे अस्तर घालण्याचा खर्च धरला होता. दुसऱ्यात तो नव्हता आणि रक्कम जवळजवळ निम्मी होती.

अण्णांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. "शंभर वर्षे ज्या धुराड्यातून कोळशाचा धूर गेला, त्यातून लाकडाचा जाणार नाही का?" त्यांनी विचारले. प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि वरवर पाहता बिनतोडही होता. मुलगा एवढेच म्हणाला, "अण्णा, आधी धुराडे साफ करवून घेऊ, मग ठरवू."

साफ करणारा आला. त्याने ब्रश वर सरकविला आणि तो लगेच अडकला. कान देऊन ऐकले, तर वरून पिलांचा कलकलाट येत होता. जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातील लहान पक्षी. काटक्या अडकून थर बसेपर्यंत तो त्या धुराड्यात टाकीत राहतो आणि त्या थरावर घरटे करतो. तेथील 1981 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पक्षी नांदत असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे हा सामान्यतः गुन्हा आहे. त्या माणसाने ब्रश खाली घेतला आणि जुलैत येतो म्हणाला. कारागिराची ठरलेली तारीख त्यामुळे हुकणार होती. मुलाच्या कपाळावर आठी पडली. अण्णांच्या मनात मात्र क्षणाचीही शंका नव्हती. "थंडी ऑक्टोबरात पडायची. पिलांना उडू दे. कायदा नसता, तरी आपण थांबलोच असतो."

मधल्या दोन महिन्यांत अण्णांनी या विषयावर वाचन केले. त्यांना कळले, की एके काळी ही धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. 1775 साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी काजळीमुळे या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. 1788 साली आठ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई झाली. परंतु कायदा पाळला जात नसे आणि ही प्रथा खऱ्या अर्थाने थांबण्यास 1875 चा कायदा यावा लागला. जे कोणाला दिसत नाही, त्याची किंमत बहुधा घरातील सर्वांत लहानाला मोजावी लागते, हे अण्णांना त्या वाचनातून जाणवले. तूर्त तो त्यांना इतिहासच वाटत होता.

जुलैत पिले उडून गेल्याची खात्री झाल्यावर साफसफाई झाली. काटक्यांची पोतीच्या पोती निघाली. मग धुराची चाचणी झाली: खाली धूर करणाऱ्या गोळ्या पेटविल्या, वरच्या तोंडातून धूर दिसताच ते तोंड बंद केले आणि घरभर पाहणी सुरू झाली. थोड्याच वेळात सून वरून म्हणाली, "अण्णा, जरा वर या." नातीच्या खोलीत, तिच्या पलंगामागच्या कपाटात, विटांच्या फटीतून पांढरा धूर हळूहळू आत येत होता.

कारण साधे होते. जुन्या धुराड्यांना आतून चुन्याचा गिलावा असे. त्यात पुष्कळदा शेणही मिसळीत. काजळीतील आम्लाने आणि ओलाव्याने तो कालांतराने झडतो, विटांमधील सांधे उघडे पडतात. त्या देशात नव्या घरांच्या धुराड्यांना अस्तर सक्तीचे झाले ते 1965 च्या इमारत नियमांनी. हे घर त्याच्या कितीतरी आधीचे. चाचणीचा धूर डोळ्यांना दिसला. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

त्या रात्री जेवणानंतर अण्णा बराच वेळ गप्प होते. शेवटी पत्नी म्हणाल्या, "अहो, कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कधी हलके अस्तर घेऊ दिले नाहीत. वरचे कापड लोकांसाठी, अस्तर आपल्यासाठी, हे तुम्हीच सांगत होता ना?" अण्णांनी स्वस्त अंदाजपत्रकाची घडी घातली आणि ती कचऱ्याच्या पेटीत टाकली.

सप्टेंबरात काम झाले, तेव्हा अण्णा बागेत खुर्ची टाकून बसले होते. छपरावरील दोघांनी स्टेनलेस पोलादाची दुहेरी पदराची लवचीक नळी दोरीने खाली सोडली. तिच्यावरील बाण वरच्या दिशेला आहेत ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. नळी उलटी बसली, तर आत जमणारे डांबर पदराच्या सांध्यांत शिरते. लाकडासाठी 316 प्रतीचे पोलाद पुरते, कोळसा जाळायचा असल्यास 904 प्रतीचे चांगले. नळीभोवती वरून व्हर्मिक्युलाइटचे दाणे ओतले; त्यामुळे नळी उबदार राहते, धूर वेगाने वर जातो आणि डांबर कमी धरते. वरच्या तोंडावर जाळीची टोपी बसली, म्हणजे पुढच्या वसंतात कोणा पक्ष्याचा संसार आत अडकायला नको. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लागले आणि शेवटी कामाचा दाखला हाती आला. अण्णांनी तो घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये लावून ठेवला.

ऑक्टोबरच्या मध्यास पहिल्यांदा स्टोव्ह पेटला. लाकूड वाळलेले, वीस टक्क्यांहून कमी ओलाव्याचे होते. तरी अण्णांनी प्रत्येक ओंडका आधी दाराबाहेर झटकला, सालीखाली किडा-मुंगी नाही ना, हे पाहिले आणि मगच आत दिला. अण्णांच्या पत्नीला सासरचे जुने स्वयंपाकघर आठवले. तेथे धुराडे नव्हतेच. धूर कौलांच्या फटींतून वाट काढी आणि सासूबाई पदराने डोळे पुशीत भाकऱ्या थापीत.

नात वर झोपली होती. अण्णा जिना चढून गेले, कपाटाचे दार उघडून त्यांनी आतल्या विटांवर तळहात टेकविला. धूर नव्हता, वास नव्हता. वीट किंचित कोमट होती. त्यांनी दार हळूच लावले, नातीच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि ते खाली उतरले.