३१ मार्च कुठे गेला?

रात्रीचे साडेदहा. मार्चच्या वसुलीचा रिपोर्ट तिसऱ्यांदा काढला, तरी बेरीज रोकडवहीशी जुळेना. एरर नाही, काही नाही. क्वेरीतल्या व्हेरिएबलच्या जागी तारखा हाताने टाकून पाहिल्या, तेच. मग पावत्या दिवसवार मोजल्या. ३० तारखेपर्यंत चोख, ३१ ची एकही नाही! शेवटच्या तारखेच्या व्हेरिएबलमध्ये वेळ नव्हती, म्हणून डेटाबेसने ००:०० धरली. सकाळी ११:४२ ची पावती त्यापुढची, म्हणजे बाहेर. क्वेरीतलं 'बिटवीन' काढून '१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आधी' अशी अट घातली आणि आकडा पैशापैशाने जुळला. वर्षअखेरीला रांगेत ताटकळून पैसे भरलेल्या माणसांची नोंद अशी गळावी, याचं फार वाईट वाटलं. उद्या फेब्रुवारीपासून मागचे सगळे रिपोर्ट पुन्हा काढणार आहे.