तंबोऱ्याचा गळा आणि मिरजेची वाट

वाशिमच्या आमच्या वस्तीतील एका हमाल बंधूने मुलीच्या गाण्यासाठी जुना तंबोरा विकत घेतला होता. पत्र्याच्या घरात त्याने दोन उन्हाळे काढले. तारांची ओढ रात्रंदिवस चालूच. हळूहळू दांडी पुढे झुकली, भोपळ्याजवळचा गळ्याचा सांधा उघडला, तारा घोडीवर नीट टेकेनात. जवारी बंद झाली, नाद गेला. जवळच्या एका दुकानात सांध्यात स्क्रू पिळून दिला. त्याने लाकूडच चिरले. मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. "मोबाइलवर तंबोरा वाजतो, मग खर्च कशाला?" असे नातेवाईक म्हणू लागले. मुलगी काही बोलली नाही, पण रियाजाला बसेना. तेव्हा आम्ही चार घरची वर्गणी केली आणि तिच्या वडिलांसह मिरजेची वाट धरली.

नागपूर-कोल्हापूर गाडी वाशिमहून हिंगोली, परभणी, लातूर, पंढरपूरमार्गे मिरजेला जाते. लातूर-मिरज हा मार्ग एके काळी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होता. गोधडीत गुंडाळलेला तंबोरा रात्रभर आळीपाळीने मांडीवर घेतला. भीमाकाठच्या याच पंढरपूर-मंगळवेढा भागात तंबोऱ्याचे कडू भोपळे पिकतात. म्हणजे आमचा तंबोरा एका परीने माहेरीच निघाला होता!

मिरजेची सतारमेकर गल्ली म्हणजे लाकडाच्या भुश्शाचा वास आणि तार छेडल्याचा आवाज. येथील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी त्याच हातांनी वाद्ये घडविली आणि धंद्याचेच आडनाव झाले. अब्दुल करीम खाँसाहेब (निधन 1937) याच गावी राहिले. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हाताऱ्या कारागिराने भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली. "भोपळा शाबूत आहे, मग घाबरू नका," ते म्हणाले. तारा उतरविल्या, स्क्रू काढला, सांधा अलगद सोडविला. जुना सरस खरवडून, चीर भरून, दांडी सरळ रेषेत धरली आणि नवा सरस लावून दोरीने आवळली. सरस वाळेपर्यंत हात लावायचा नाही! शेवटी घोडी घासून जवारी काढायची. आम्ही घाई केली, तर म्हणाले, "दांडी घाईनेच वाकली का?" आम्ही गप्प झालो. वाद्य ठेवून परतलो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो.

गिटार वाजविणाऱ्या मुलांनाही हे दुखणे ठाऊक असेल. तारांच्या ओढीने दांड्याचा कोन बदलतो, तारा उंच होतात, बोटे दुखतात. चांगल्या गिटारीत वाफेने सरस मऊ करून दांडा सोडवितात, टाचेचे लाकूड किंचित तासतात व योग्य कोनात पुन्हा बसवितात. वाद्य वेगळे, उपाय एकच.

वाचकहो, घरी तंबोरा असेल तर रियाजानंतर तारा थोड्या सैल करा. पत्र्याखाली वा ओल्या भिंतीशी ठेवू नका. सांधा सुटला तर खिळा-स्क्रू लावू देऊ नका.

जमाखर्चाची वही आम्ही वर्गणीदारांपुढे ठेवली. तेवढ्यात आतल्या खोलीत मुलीने तार छेडली. वही कोणी पाहिलीच नाही.