रमजानच्या साली, पावसाळ्यातली काकडी

कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी ठरत नाही, आणि त्याबरोबर खतही वाहून जाते. आम्ही दोघी जावा घरामागच्या दोन गुंठ्यांत दर पावसाळ्यात काकडीचे मांडव घालतो. दोघींचे नवरे आखातात. घरखर्च तिकडून येतो. मुलींच्या शिकवणीची फी मात्र या मांडवावरून निघावी, असे आम्ही ठरवले होते. पण ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली की वेल माना टाकायचे, काकडी कडू निघायची आणि बाजारातले गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचे नाही.

फोनवर सल्ला एकच, "युरियाची गोणी आणा, शेण कशाला कालवता?" हिशेब खोटा नव्हता. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंहून जास्त. शंभर किलो कंपोस्टमध्ये ते जेमतेम किलोभर. पण आमची अडचण ओलीची होती. काकडीची मुळे फार खोल जात नाहीत. वरच्या मातीत ओल टिकली नाही की वेलाला ताण बसतो, फळ कडवट होते. नत्र जास्त झाले तर वेल पानांनीच माजतो, फळे कमी धरतात. कंपोस्ट ओल धरून ठेवते आणि अन्न हळूहळू सोडते.

खड्डा आम्ही रमजानमध्ये भरायला घेतो. गेली काही वर्षे रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. इफ्तारीच्या कलिंगडाच्या, खरबुजाच्या, केळ्यांच्या साली रोज निघतात. परसात पाचोळाही भरपूर असतो. अन्न वाया घालवू नये, हे आपण मुलांना सांगतोच. सालींनाही तोच नियम लावला.

ओल्या कचऱ्याच्या एका टोपलीला सुक्या पाचोळ्याच्या दोन-तीन टोपल्या, वर शेणकाला आणि थोडी माती, असे थर देतो. हाडे, चरबी, तेलकट उष्टे टाकत नाही. कुत्री आणि उंदीर येतात. मूठ आवळली की हात ओला व्हावा, पाणी मात्र गळू नये, एवढीच ओल ठेवतो. दर पंधरा दिवसांनी वरखाली करतो. आतून वाफ निघते. थर देण्याची आणि उलथण्याची ही रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी गेल्या शतकात इंदूरला बसवली, म्हणून तिला इंदूर पद्धत म्हणतात.

जूनपर्यंत खत काळसर, भुसभुशीत होते. वास मातीचा येतो. घाण वास येत असेल तर ते अजून कच्चे आहे, मुळाशी घालू नये. प्रत्येक आळ्यात दोन घमेली मातीत मिसळतो आणि 'शीतल' जातीचे बी टोकतो. साधारण दीड महिन्यात काकड्या लागतात. फुलोऱ्याला आणखी दोन ओंजळी वरून देतो.

पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी उघडीप पडली तेव्हा वेल हिरवे राहिले, तोडे दोन-तीन आठवडे जास्त मिळाले. कुदळ मारली की गांडुळे दिसू लागली. युरिया पूर्ण सुटलेला नाही, पण थोडक्यात भागते. थोरलीची फी आता मांडवावरूनच जाते.

परस नसलेल्या भगिनींनी भोके पाडलेल्या जुन्या डब्यात हेच थर द्यावेत. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतला एक वेलही घराला पुरेल इतक्या काकड्या देतो.